मुहूर्ताचं सोयाबीन

गोरक्ष ताजणे यांनी सोयाबीनचं पातेलं देवघराच्या टेबलाखाली ठेवलं, तेव्हा त्यांच्या मनात भक्तिभाव अजिबात नव्हता. घरात तेवढी एकच जागा अशी होती, जिथे त्यांची बायको उज्वला दिवसातून एकदाच उभी राहायची आणि तेही डोळे मिटून. टेबलाला पडदा होता. मागच्या भिंतीवर दुपारभर ऊन पडत असल्यामुळे पडद्याआड ऊबही छान राहत असे. चोरून करायच्या कामाला याहून चांगली जागा जेलरोडच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मिळणार नव्हती.

सगळा उपद्व्याप ब्लड प्रेशरमुळे सुरू झाला होता. महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि वरचा दीडशे, खालचा शहाण्णव असे आकडे काढले. मीठ कमी करा, रोज तासभर चाला आणि महिन्याने परत या, तोवर उतरलं नाही तर गोळी सुरू करू, असं त्यांनी सांगितलं. ताजणे यांनी घरी येऊन सांगितलं, की डॉक्टर भेटलेच नाहीत. खरं सांगितलं असतं तर जेवणाच्या ताटातून लोणचं त्याच दिवशी उठलं असतं. शिवाय मे महिन्यात मुलीचं, आरोहीचं लग्न. नवरीच्या बापाला बीपी आहे म्हटल्यावर पाहुणे अक्षता बाजूला ठेवून पथ्यपाणीच सांगत बसले असते, आणि त्यांच्या पाहुण्यांत सल्ला न देणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

अशा वेळी उपाय घरातच चालत आला. आरोही सोयाबीनवर पीएचडी करत होती. कॉलेजात तिला एक भाषण द्यायचं होतं आणि त्याची तालीम तिने जेवणाच्या टेबलाशी आईवडिलांसमोर केली. सोयाबीनमधलं प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी, ती आंबवताना जिवाणू तिचे बारीक तुकडे करतात, त्या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात, आणि त्यांतले काही तुकडे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या एका घटकाला थोडा आळा घालतात, असं तिने सांगितलं. काही अभ्यासांत लोकांचं ब्लड प्रेशर किंचित उतरलेलं दिसलं होतं. ते औषध मात्र नव्हे आणि अजून बरंच तपासायचं बाकी आहे, हेही तिने सांगितलं. पण 'उतरलं' हा शब्द ऐकल्यावर ताजणे यांचे कान बंद झाले होते.

तेहेतीस वर्षं त्यांनी नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापलेले कागद तपासले होते. केसाएवढा डाग दिसला की कागद बाद, हा त्यांचा खाक्या. त्याच नजरेने त्यांनी दोन किलो सोयाबीन निवडलं, रात्रभर भिजवलं आणि उज्वलाबाई लग्नाच्या खरेदीला बाहेर पडल्या की एकेक दाणा सोलला. एका दाण्याचं साल राहिलं असेल तर शपथ. सोललेल्या पिवळ्या डाळिंब्या त्यांनी कुकरला मऊ शिजवल्या. ईशान्येकडचे लोक सोयाबीन पानात गुंडाळून आंबवतात, असं आरोही म्हणाली होती, म्हणून सोसायटीच्या बागेतलं केळीचं पान आणून पातेल्यात अंथरलं. वर स्वच्छ पांढरं फडकं. आणि प्रेसमधून काहीही सील केल्याशिवाय जागचं हलत नसे, म्हणून पातेल्याच्या गळ्याला लाल नाडा बांधून त्याच्यावर त्यांनी खास अशा सात गाठी मारल्या. मग रोज तीन वेळा पडदा सारून ते गाठी मोजत. नवरा अचानक देवभोळा झाला याचं उज्वलाबाईंना बरं वाटलं.

इकडे लग्नाच्या आनंदात एक खडा होता. होणारा जावई महेश मनमाडचा, रेल्वेत सिग्नल खात्यात. मुलगा सरळ, आरोहीच्या शिक्षणाचं कौतुक असलेला. पण त्याची आई तो लहान असतानाच गेली आणि त्याला वाढवलं ते त्याच्या आत्याने, बायडाबाईंनी. त्यामुळे त्या घरात शेवटचा शब्द आत्याचा असे. बायडाबाईंचं माहेर आणि शेती येवल्याकडची, सासर मनमाडचं. बैठकीत त्यांनी आरोहीला कामाचं विचारलं आणि उत्तर ऐकून कपाळाला आठ्या घातल्या.

"सोयाबीन तर कोंबड्या खात्यात," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर शिकाया रोज मनमाडवरून नाशिकला गाडी धरायची? शेजारीपाजारी इच्यारत्याल, सून काय करती, तवा मी काय सांगू?"

महेश बोलायला गेला, तेव्हा आत्याने हात वर केला. मुहूर्ताचे सांडगे घालायला मी येईन, तेव्हा पोरीच्या कामाचं काय ते सांगेन, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. आरोहीचं दोन वर्षांचं काम उरलं होतं. तीन वर्षं तिने सकाळ-संध्याकाळ बाटल्या हलवण्यात घालवली होती आणि ते काम सोडायची तिची मुळीच तयारी नव्हती. काम सुटणार असेल तर लग्नाचाच पुन्हा विचार करावा लागेल, असं तिने महेशला स्वच्छ सांगितलं होतं. ही गोष्ट कळल्यापासून उज्वलाबाईंना धड झोप नव्हती आणि ताजणे यांचा वरचा आकडा दीडशेच्याही पुढे गेला असणार, पण तो मोजणार कोण?

लग्नघरात पाच सवाष्णींनी शुभवेळ पाहून पहिले सांडगे घालायचे, की लग्नाच्या कामांना सुरुवात झाली. डाळ भिजवून वाटायची, मिरची-लसूण-हिंग घालायचा आणि गच्चीवर कपड्यावर बोटांनी छोटे छोटे वडे टाकायचे. हे वडे एकदा घातले की मोडून परत घालत नाहीत आणि टाकूनही देत नाहीत. लग्नाच्या जेवणात ते तळून वाढावेच लागतात. त्या दिवशीची वेळ दहा वीस ते दहा पन्नास अशी अर्ध्या तासाची होती आणि त्यानंतरची चांगली वेळ पुढच्या सव्वीस दिवसांत नव्हती.

बायडाबाईंची गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. आत्याबाईंना घ्यायला नवरा-बायको दोघांनीही जायला हवं, नाहीतर ते जन्मभर ऐकावं लागलं असतं, म्हणून ताजणे पतिपत्नी स्टेशनावर उभे. आरोही नमुने बघायला सकाळीच प्रयोगशाळेत गेली होती. घरी होत्या त्या खालच्या मजल्यावरच्या ललिताकाकू आणि तीन शेजारणी. सोसायटीतल्या कुठल्याही लग्नाच्या मुहूर्ताची सूत्रं न मागता हातात घेणं हा ललिताकाकूंचा मान होता. त्यांनी उज्वलाबाईंना फोन लावला, वेळ निघून चाललीय, वाटायला घेऊ का, म्हणून विचारलं. घ्या, डाळ तयार आहे, असं उज्वलाबाई म्हणाल्या. डाळ कुठे आहे हे त्यांनी सांगितलं नाही. एप्रिलच्या उकाड्यात भिजवलेली डाळ फ्रिजमध्येच असणार, यात सांगायचं काय?

ललिताकाकूंनाही त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. मुहूर्ताची डाळ देवापाशी असणार. त्यांनी पडदा सारला आणि त्या भरून पावल्या. केळीचं पान, पांढरंशुभ्र फडकं, लाल नाडा आणि वर सात गाठी. आजकाल एवढ्या रीतीने कोण करतं, असं त्या बाकीच्या बायकांना म्हणाल्या. पातेल्याला हळदीकुंकवाची बोटं लावली, नमस्कार केला आणि कात्रीने गाठी कापल्या.

वास जरा उग्र होता, पण काकूंना आठवडाभर सर्दी होती आणि बाकीच्यांनी तो त्यांच्या गळ्याला चोळलेल्या बामाचा समजला. डाळ काय सुरेख भिजलीय, असं म्हणत त्यांनी ती मिक्सरमधून काढली, मिरची, लसूण, जिरं, हिंग, कोहळ्याचा कीस सढळ हाताने घातला आणि पीठ गच्चीवर नेलं. बरोबर त्याच वेळी खाली रिक्षा थांबली. बायडाबाईंना चहासुद्धा न विचारता उज्वलाबाईंनी तीन जिने चढवून वर नेलं, कारण घड्याळात साडेदहा झाले होते.

ताजणे मात्र घरात शिरले ते थेट देवघराकडे गेले, कारण सकाळची तपासणी राहिली होती. पडदा उघडा होता आणि आत पातेलं नव्हतं. ओट्यावर मिक्सरचं भांडं पालथं घातलेलं आणि शेजारी सात गाठींचा नाडा कापून पडलेला. त्यांनी फ्रिज उघडला, तर हरभऱ्याची डाळ आपल्या जागी शांत. तेहेतीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद चुकीचा गेला नव्हता, आणि आज मुलीच्या लग्नाचं अख्खं पातेलं गेलं होतं. डाळीचं भांडं छातीशी धरून ते जिना चढू लागले.

गच्चीवर उशीर झालेला होता. मानाचा पहिला सांडगा आत्याने घालायचा असं ठरलं होतं आणि बायडाबाईंनी तो घातलाही होता. फक्त त्यांचं बोट सुटत नव्हतं. सांडगा कपड्यावर बसला, हात वर आला आणि दोघांच्या मधे वीतभर लांब, कोळ्याच्या जाळ्यासारखी चकाकती तार लोंबू लागली. त्यांनी हात आणखी वर नेला, तर तारही वाढली. बाकीच्या चौघींचीही तीच गत होती. पाच सवाष्णी पाटावर बसून दोरा ओवल्यासारखे हात हलवत होत्या.

"तार येणं शुभ असतं," ललिताकाकू ठासून म्हणाल्या. "नातं चिवट होतं."

असं त्यांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, पण एकदा हातात घेतलेल्या मुहूर्तात त्या अडत नसत. ताजणे यांनी बायकोला पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि कानात सगळं सांगितलं. उज्वलाबाईंचा चेहरा पांढरा पडला. जे धान्य आत्याबाई कोंबड्यांपुढे टाकतात, त्याचे सांडगे आत्याबाईंच्याच हातून घालून घेतले होते, आणि तेही नेमके त्याच दिवशी, ज्या दिवशी त्या निकाल सांगणार होत्या. त्यांनी नवऱ्याला एवढंच सांगितलं, की आता मेलं तरी तोंड उघडायचं नाही. हातातल्या डाळीचं काय करायचं ते ताजणे यांना सुचेना, म्हणून त्यांनी ते भांडं टाकीवर ठेवून दिलं.

तेवढ्यात आरोही वर आली. बॅग खांद्यावर, घामाघूम. तिने बायडाबाईंना वाकून नमस्कार केला आणि वर बघितलं, तर समोर तार. मग कपड्यावर बघितलं, तर सगळीकडे तारा. तिने पीठ बोटावर घेतलं, वास घेतला, बोटं उघडली-मिटली, आणि नमस्काराचं, लग्नाचं, सगळ्याचं भान विसरून तिथेच फतकल मारून बसली. असं उत्तम आंबवण तिला प्रयोगशाळेत चार महिने जमलेलं नव्हतं.

"हे कुणी केलं?" ती म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. उज्वलाबाई मागून हाताने नको नको करत होत्या.

बायडाबाईंनी बोट कपड्याला पुसलं. "पोरी," त्या म्हणाल्या, "ही कंची दाळ हाय?"

ललिताकाकू हरभऱ्याची म्हणून सांगणार होत्या, पण आरोही त्यांच्या आधी बोलली. पुढे काय होणार ते तिला कळत होतं. तिला भीती वाटली, पण ज्या कामासाठी भांडायचं, त्याच्याचबद्दल पहिल्या दिवशी खोटं बोलणं तिला जमेना.

"डाळ नाही, आत्या. सोयाबीन आहे."

शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या. आपण तीन जन्मांचं पाप केलं, असा चेहरा करून ललिताकाकूंनी घड्याळ पाहिलं. दहा पंचेचाळीस. पाच मिनिटं आहेत, हे उचलू आणि दुसरी डाळ वाटू, नाहीतर तारीखच पुढे न्या, असं त्या घाईघाईने सुचवू लागल्या. एकीने तर कपड्याचं टोक उचललंही.

"ठेव ते खाली," बायडाबाई म्हणाल्या.

त्यांच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं. भावकीतल्या बेचाळीस लग्नांचा पहिला सांडगा बायडाबाईंनी घातला होता. बेचाळीसच्या बेचाळीस संसार सुखाचे चालले होते, निदान बायडाबाई तरी तसं सांगत, आणि त्यांच्या हातचा सांडगा मोडल्याची एकही नोंद नव्हती. आता हा अशुभ म्हणायचा, तर अशुभ काम त्यांच्याच हाताने झालेलं. हा उचलायचा, तर मनमाडपासून येवल्यापर्यंत बातमी जायला संध्याकाळही लागली नसती. एकीकडे सोयाबीन, दुसरीकडे स्वतःचा हात. असा प्रश्न आला की शहाणी माणसं हात राखतात.

"मी घातल्याला सांडगा मोडत नसतो," त्या म्हणाल्या. "सोयाबीन तर सोयाबीन. भूमीतूनच आलंय ना? शुभच हाय ते. घाला गं पटापट, येळ चाललाय."

पाच मिनिटांत उरलेल्या पिठाचे सांडगे पडले. तारांसकट. काम आटोपल्यावर बायडाबाई पाटावर सैल बसल्या आणि त्यांनी आरोहीला समोर बसवून घेतलं. सोयाबीनचं लग्न तर लागलं होतं, आता निदान त्याचे गुण तरी कळायला हवेत. काय असतं ह्याच्यात, असं त्यांनी विचारलं. आरोहीने साखळी, तुकडे, रक्तवाहिन्या, सगळं सोपं करून सांगितलं. फायदा दिसतो, पण छोटा दिसतो, किती खाल्लं म्हणजे किती फायदा हे नीट कळायचं आहे, गोळीच्या ऐवजी हे घेता येणार नाही, असंही सांगितलं. तेच शोधायला मी जाते, असं म्हणून ती थांबली.

बायडाबाईंनी बोटाला उरलेली तार पदराला पुसली. मग म्हणाल्या, "तीस वर्षं आमच्या वावरातून टरॅक्टर भरभरून सोयाबीन गेलं. एक दाणा कधी तोंडात टाकला नाय. ह्याच्यात काय हाय, असं कधी इच्यारलंबी नाय. तू इच्यारलंस."

एवढं ऐकून आरोहीचे डोळे भरून आले. उज्वलाबाईंचे तर कधीच वाहू लागले होते. पण बायडाबाईंचं डोकं अजून चालूच होतं. पोरगी तर कॉलेजात होती, मग हे घरी घातलं कुणी आणि कशासाठी, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांच्या नजरा टाकीजवळ उभ्या असलेल्या ताजणे यांच्याकडे वळल्या. त्यांनी नाड्यापासून सुरुवात करून पाहिली, केळीच्या पानावर थोडा वेळ काढला, पण शेवटी दीडशे आणि शहाण्णव हे दोन्ही आकडे त्यांना गच्चीवर सगळ्यांसमोर सांगावे लागले.

उज्वलाबाईंनी डोळे पुसले. मग त्यांनी ज्या नजरेने पाहिलं तिच्यात लोणच्याचं भवितव्य स्पष्ट लिहिलेलं होतं.

"व्याहीबुवा," बायडाबाई म्हणाल्या, "मी अकरा वर्षं बीपीची गोळी खाते. मेले का? उद्या सकाळी डागदरकडं जायाचं. पोरीनं सांगितलं ते ऐकलं नाय का, गोळीच्या ऐवजी नाय म्हून?"

ऐकलं नव्हतंच. ते आत्ता ऐकलं.

भांड्याच्या तळाशी थोडं पीठ उरलं होतं. आरोहीने त्यातला एक गोळा स्वच्छ डबीत घालून प्रयोगशाळेसाठी बाजूला काढला आणि बाकीचं पूर्ण तळल्याशिवाय कोणीही चाखायचं नाही, अशी तंबी दिली. दुपारच्या जेवणात ते गरमागरम वडे ताटात आले. ललिताकाकूंनी डोळे मिटून पहिला घास घेतला आणि मग हात पुढे करून आणखी दोन मागितले. बायडाबाईंनी चार खाल्ले. वासाला जरा बैल गोठ्यात आल्यासारखं वाटतं, पण चवीला सरस, असं त्यांचं मत पडलं. ज्यांच्यासाठी हे सगळं झालं, त्या ताजणे यांना मात्र तळलेलं आणि खारट म्हणून एकही मिळाला नाही. त्यांच्यापुढे बिनमिठाची मुगाची खिचडी आली. चालतं, असं म्हणून त्यांनी ती संपवली. खरं तर त्या दिवशी त्यांना दगडही गोड लागला असता, कारण लेक समोर बसून होणाऱ्या आतेसासूला जिवाणूंची नावं शिकवत होती.

पण कामाचं काय, हे बायडाबाई दिवसभर बोलल्याच नाहीत. आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

बायडाबाईंनी मुक्काम केला आणि त्याच संध्याकाळी नाशिक रोडहून आणखी चार किलो सोयाबीन आलं. मुहूर्त लागल्यावर जास्तीचे केव्हाही घालता येतात, आणि मनमाडच्या पाहुण्यांना एवढे सांडगे पुरायचे नाहीत, असं बायडाबाईंनी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रभर भिजलेलं घमेलं मधे ठेवून गच्चीवर सगळे सोलायला बसले. ताजणे डॉक्टरांकडून गोळी घेऊन आले होते आणि ललिताकाकूंनी सोललेले दाणे पुन्हा तपासून निम्मे परत करत होते. आपल्यासाठी एवढं चाललंय आणि आपण कसं उठायचं, म्हणून आरोहीही मांडी घालून बसली होती. सव्वानऊ झाले तरी तिने बॅगेकडे पाहिलं नाही.

बायडाबाईंनी हातातला दाणा सोलला, साल बाजूला टाकलं आणि मान वर केली.

"तू काय करतीस इथं?" त्या म्हणाल्या. "कालेजला जा. सोलायला तुझे पप्पा हायेत."